मुरळी : देवाशी लग्न आणि पापाचा हिशेब

खंडोबाशी लग्न लावून त्याला वाहिलेली स्त्री म्हणजे मुरळी. नवसाने वाहिलेल्या मुलाला वाघ्या म्हणतात. या प्रथेचे सर्वांत गाजलेले ठाणे जेजुरी, पण मराठवाड्यात अणदूर आणि नळदुर्गजवळचे मैलारपूर या जोडठाण्यांभोवतीही खंडोबाच्या भक्तांचा मोठा पसारा आहे. जळकोट (ता. तुळजापूर, जि. धाराशिव) याच पट्ट्यातले, सोलापूर–हैदराबाद रस्त्याने नळदुर्ग मागे पडले की ते लागते. या जोडठाण्यांचा देव वर्षाचा बराचसा काळ अणदूरला राहतो आणि पौषाच्या सुमारास मैलारपुरी मुक्कामाला येतो. पौष पौर्णिमेला तिथे यात्रा भरते. प्रस्तुत नोंदीत मुरळीच्या गाण्या-नाचण्यापेक्षा एका नैतिक प्रश्नाचा विचार केला आहे : परपुरुषाशी किंवा परस्त्रीशी संबंध हे ज्या समाजात पाप, त्याच समाजात मुरळीचा संबंध पाप का ठरला नाही, आणि तरीही कलंक तिच्याच माथी का राहिला?

मूल होत नाही, झालेले जगत नाही, दुखणे हटत नाही, अशा वेळी आईबाप नवस बोलत. तो फेडायला मुलगी वयात येण्याआधी देवापुढे आणली जाई. अंगाला हळद, कपाळी भंडारा, गळ्यात कवड्यांचा गाठा घालून देवाशी लग्न लावत. ‘देवाला सोडली’ हा त्यासाठीचा रूढ शब्दप्रयोग. पुढे ती वाघ्याबरोबर जागरणाला उभी राहते : वाघ्याच्या हाती दिमडी, साथीदाराकडे तुणतुणे, हिच्या हाती घोळ नावाची घंटा. माणसाशी लग्न तिला वर्ज्य होते, पण पुरुष वर्ज्य नव्हता. एखादा सधन माणूस तिला ‘ठेवी’. मुलांच्या नावापुढे बापाचे नाव लागत नसे. वाहिलेल्या मुली बहुतेक महार, मांग आणि इतर गरीब जातींतल्या, ठेवणारे सहसा वरच्या थरातले. दिवसा जिच्या सावलीचा विटाळ मानला जाई तिचा रात्री विटाळ होत नसे, ही विसंगती सुधारकांनी दाखवून देईपर्यंत कुणाला खुपली नाही.

धर्मशास्त्राच्या हिशेबात परस्त्रीगमनाला स्वतःची जागा आहे. पाच महापातकांत गुरुपत्नीशी संबंध येतो. इतर परदारागमन मनुस्मृतीने उपपातकांत, म्हणजे प्रायश्चित्ताने धुऊन निघणाऱ्या पापांत घातले. पेशवाईच्या दप्तरांत हाच गुन्हा ‘बदअंमल’, ‘सिंदळकी’ अशा नावांनी येतो. त्याबद्दल दंड वसूल होई आणि दोषी ठरलेल्या बाईला प्रसंगी कुणबीण (दासी) करून सरकारी कामाला लावत. जातीत परत यायचे तर गोतापुढे दंड भरून शुद्ध व्हावे लागे. या सगळ्या व्यवहाराच्या मध्यभागी कुणाची तरी बायको आहे. बायको ज्याची, अन्याय त्याच्यावर, आणि त्याची भरपाई म्हणजे प्रायश्चित्त. मुरळीचा नवरा देव. तो तक्रार करीत नाही, गोत बोलावीत नाही. म्हणून तिला ठेवणाऱ्यावर पातक येत नाही, आणि ती स्वतः पतिव्रताही नाही, व्यभिचारिणीही नाही. धर्माने तिला क्षमा केली असे जे कधीकधी म्हटले जाते ते खरे नव्हे. तिला हिशेबाच्या वहीतच घेतले नव्हते.

जागरणात गायला जाणारी खंडोबाची कथाही फारशी सोवळी नाही. म्हाळसा लग्नाची बायको, वाण्याची लेक. बाणाई धनगराची. तिच्यासाठी देव सारीपाटात हरल्याचे निमित्त करून घर सोडतो आणि धनगरवाड्यावर मेंढरे राखतो. बाणाईला आणल्यावर सवतींचे कडाक्याचे भांडण होते आणि श्रोते ते मिटक्या मारत ऐकतात. देवाला कुणी पापी म्हणत नाही. फार तर म्हाळसा त्याला चार शब्द सुनावते. जेजुरीत म्हाळसा वर देवाजवळ आणि बाणाईचे देऊळ गडाच्या वाटेवर निम्म्यात, ही वाटणी त्या भांडणाचाच निवाडा म्हणून सांगतात. लोककथेत देवाला जेवढी सवलत आहे तेवढी मुरळीला कधीच मिळाली नाही.

याच मुलखाच्या आसपास दुसराही एक विचार होता. पूर्वेला कल्याण (आजचे बसवकल्याण) येथे 12व्या शतकात शरणांच्या, म्हणजे शिवभक्तांच्या, मेळ्यात सूळे संकव्वा ही गणिका होती. तिच्या नावावर एक कन्नड वचन आहे. पश्चिमेला मंगळवेढ्याची कान्होपात्रा. गणिकेची लेक असूनही तिने आईचा धंदा नाकारला, बीदरच्या बादशहाचे बोलावणे आल्यावर पंढरपूरच्या देवळात विठोबापुढे प्राण सोडला, असे संतचरित्रे सांगतात. देवळाच्या आवारातला तरटीचा वृक्ष तिचे ठिकाण म्हणून दाखवला जातो. वारकऱ्यांनी तिला संतांत बसवले, पण देह नाकारल्यावर. कान्होपात्रेचे नाव आदराने घेणारा गावकरी त्याच तोंडाने गावच्या मुरळीचे नाव कसे घेई, ते जुन्या लोकांना विचारण्याची गरज नाही. शिव्यांच्या कोशात ते सापडते.

प्रथेवर जोरदार हल्ला पुण्यातून झाला. शिवराम जानबा कांबळे यांनी 1908 मध्ये सुरू केलेल्या ‘सोमवंशीय मित्र’ मासिकातून मुली देवाला सोडण्याविरुद्ध लिहिले आणि त्यात शिवूबाई या मुरळीचे स्वतःचे पत्र छापले. पुढे तिने रीतसर लग्न केले. देवाच्या बायकोशी लग्न करणारा पुरुष उभा राहिला, हा त्या काळी मोठाच धक्का होता. विठ्ठल रामजी शिंदे यांनीही त्याच सुमारास जेजुरीचा प्रश्न लावून धरला. डॉ. आंबेडकरांनी 16 जून 1936 रोजी मुंबईत परळच्या दामोदर हॉलमध्ये वाघ्या, मुरळी, जोगतिणी, देवदासी यांच्यापुढे भाषण केले. धर्मांतराच्या येवल्यातील घोषणेला तेव्हा वर्षही झाले नव्हते. बोलणे कठोर होते : हे जिणे समाजाला खाली पाहायला लावते, ते सोडा आणि आमच्याबरोबर या, नाहीतर दूर राहा. त्यांच्या मांडणीचा आधार पापपुण्य हा नव्हता. समाजाची इज्जत हा होता. त्या कठोरपणात बाईवरच जास्त ओझे पडते असा आक्षेप घेता येतो. पण प्रथा सोडवणारी तितकी ताकद धर्मोपदेशात नव्हती, हेही तितकेच खरे. बौद्ध धर्मांतरानंतर महार समाजातून मुली वाहणे झपाट्याने थांबत गेले.

कायद्याचा इतिहास जळकोटच्या बाबतीत वेगळा आहे. अल्पवयीन मुलीला वेश्यावृत्तीसाठी देण्याविरुद्धची भारतीय दंड संहितेची कलमे आणि 1934 चा मुंबई देवदासी संरक्षण कायदा ब्रिटिश मुलखासाठी होते. हा भाग 1853 ते 1860 अशी थोडी वर्षे इंग्रजांकडे होता. दंड संहिता अमलात आली तोवर तो पुन्हा निजामाकडे गेला होता. 1948 च्या पोलीस कारवाईनंतर, 1951 मध्ये ती संहिता हैदराबाद राज्याला लागू झाली. 1934 च्या कायद्यातली महत्त्वाची गोष्ट शिक्षा नव्हे; देवाला वाहिलेल्या स्त्रीने माणसाशी केलेले लग्न वैध आहे, हे त्याने सांगितले. देवाचा नवरेपणा कायद्याने तिथे संपवला. महाराष्ट्राचा स्वतंत्र देवदासी निर्मूलन कायदा 2005 चा.

दंड संहितेचे व्यभिचाराचे कलम 497 मात्र धर्मशास्त्राच्याच चाकोरीतले होते : दोषी फक्त पुरुष, फिर्याद नवऱ्याची, आणि नवऱ्याची संमती असेल तर गुन्हाच नाही. सर्वोच्च न्यायालयाने ते 27 सप्टेंबर 2018 रोजी रद्द केले. मुरळीच्या बाबतीत ते कधी उपयोगी पडण्याची शक्यताच नव्हती. फिर्यादी मूर्तीच्या रूपात गाभाऱ्यात बसलेला.

आज जागरणाच्या पार्टीत मुरळी म्हणून नाचणारी बाई देवाला वाहिलेली असेलच असे नाही. लग्नानंतर घरी जागरण घालणाऱ्या कुटुंबांना कलावंत लागतात. अनेकजणी संसार सांभाळून सुपारी घेतात. अरुण कोलटकरांच्या ‘जेजुरी’ (1976) या इंग्रजी संग्रहातही मुरळी आहे. सुपारी देणारे तिला मानाने बोलावतात, पण घराच्या सोयरिकीत तिचे नाव निघाले की बैठक आजही लांबते.