शंभरी अमेरिकेची, मंच कुणाचा?

४ जुलै २०२६ म्हणजे अमेरिकेच्या स्वातंत्र्याची अडीचशे वर्षे. या सोहळ्याच्या तयारीसाठी तिथल्या काँग्रेसने २०१६ मध्येच कायदा करून आयोग नेमला. दहा वर्षे आधी! आपल्याकडेही २०४७ ची भाषा सुरू झालीच आहे. रोषणाई किती आणि खर्च किती, यापेक्षा आम्हाला एकच प्रश्न महत्त्वाचा वाटतो. नियोजनाच्या टेबलाशी कोण बसलंय आणि खुर्च्या कोण मांडतंय? याचं उत्तर शोधायचं तर अमेरिकेची शंभरी बघावी लागते, १८७६ ची.

त्या शंभरीसाठीही १८७१ मध्ये कायद्याने आयोग नेमला गेला होता. फिलाडेल्फियाच्या फेअरमाउंट पार्कात जागतिक प्रदर्शन भरवायचं ठरलं. गुलामगिरी कायद्याने संपून जेमतेम दहा वर्षे झाली होती. फिलाडेल्फियात कृष्णवर्णीयांची वस्ती मोठी होती आणि मंदीमुळे बेकारीही मोठी. पण एवढ्या प्रचंड बांधकामावर त्यांना कामाला घेतलं नाही. प्रदर्शन उघडल्यावर मात्र वेटर, झाडूवाले, निरोप पोचवणारे म्हणून ते चालले. आणि करमणुकीलाही चालले. एका ‘दक्षिणी’ उपाहारगृहाची जाहिरातच अशी होती की मळ्यावरचे जुने काळे नोकर इथे बँजो वाजवून गाणी म्हणतील. ज्या मळ्यावर चाबूक खाल्ला, त्याच मळ्याचं नाटक पाहुण्यांपुढे करायचं!

आता फ्रेडरिक डग्लस यांच्याकडे वळू. गुलामगिरीतून पळालेला हा माणूस देशातला सर्वात मोठा वक्ता झाला होता. तुमचा ४ जुलै माझा नाही, हे त्यांनी १८५२ मध्येच गोऱ्या श्रोत्यांना तोंडावर सुनावलं होतं. १८७६ च्या १४ एप्रिलला (तारखेचा योगायोग बघा!) वॉशिंग्टनमध्ये लिंकनच्या स्मारकाचं अनावरण झालं. त्या स्मारकाचा पैसा मुक्त झालेल्या गुलामांच्या वर्गणीतून आला होता. पहिले पाच डॉलर एका पूर्वीच्या गुलाम बाईने दिले होते. वर्गणीच्या पुतळ्याची किंमत आपल्या वस्त्यांना वेगळी सांगायला नको. त्या दिवशी राष्ट्राध्यक्ष ग्रँट यांच्यासमोर डग्लस बोलले. लिंकन आधी गोऱ्यांचे अध्यक्ष होते, हे सांगायलाही ते कचरले नाहीत.

त्यानंतर सव्वीस दिवसांनी, १० मे रोजी, प्रदर्शनाचं उद्घाटन झालं. डग्लस यांच्याकडे मंचाचं निमंत्रण होतं, हातात पास होता. पोलिसांनी अडवलं. काळ्या माणसाची जागा त्या मंचावर असू शकते, हेच त्यांना पटेना. शेवटी सिनेटर रॉस्को कॉन्कलिंग यांनी ओळख पटवून आत नेलं. मंचावर ते बसले, पण त्यांना एक शब्दही बोलू दिला नाही. सन्मानाचे पाहुणे कोण? ब्राझीलचे सम्राट पेद्रू दुसरे, ज्यांच्या देशात गुलामगिरी अजून चालू होती आणि पुढे १८८८ पर्यंत चालली. ग्रँट आणि ते, दोघांनी मिळून प्रदर्शनाचं अजस्र वाफेचं इंजिन सुरू केलं.

प्रतिनिधित्वाचा अर्थ फोटोत दिसणं, असं मानणाऱ्या आपल्यातल्या काही मंडळींनी हा मंच डोळ्यांसमोर आणावा.

४ जुलैला दक्षिण कॅरोलिनातल्या हॅम्बर्ग गावात कृष्णवर्णीय मिलिशियाची तुकडी रस्त्यावर संचलन करत होती. घोडागाडीतून आलेल्या दोन गोऱ्या तरुणांनी वाट सोडा म्हणून वाद घातला. प्रकरण कोर्टात गेलं. ८ जुलैला शेकडो सशस्त्र गोरे गावात घुसले. सहा कृष्णवर्णीय मारले गेले, त्यातल्या काहींना पकडून नंतर गोळ्या घातल्या. शिक्षा कुणालाही झाली नाही. पुढच्याच वर्षी दक्षिणेतलं उरलंसुरलं संघीय लष्करी संरक्षण काढून घेतलं गेलं. शंभरीची खरी सांगता ती होती, असं आम्ही मानतो.

याच्या तीनच वर्षे आधी महात्मा फुल्यांनी ‘गुलामगिरी’ अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना अर्पण केली होती. मग तात्यासाहेब फसले का? मुळीच नाही. अर्पणपत्रिका गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या माणसांना होती, सरकारला किंवा उत्सव समितीला नव्हती. हा फरक आमच्या काही अमेरिकाभक्तांनी आणि अमेरिकाद्वेष्ट्यांनीही नीट वाचावा.

आपला सुवर्णमहोत्सव आठवतो? ११ जुलै १९९७ ला घाटकोपरच्या माता रमाबाई आंबेडकर नगरात बाबासाहेबांच्या पुतळ्याची विटंबना झाली. लोक रस्त्यावर आले आणि राज्य राखीव दलाच्या गोळीबारात दहा जणांचे जीव गेले. दोन आठवड्यांनी के. आर. नारायणन राष्ट्रपती झाले, देशाचे पहिले दलित राष्ट्रपती. महिनाभरात १५ ऑगस्ट आला. तिकडे रोषणाई आणि इकडे वस्तीत सुतक. सर्वोच्च खुर्चीवर आपला माणूस होता आणि आपली माणसं मारलीही जात होती, दोन्ही एकाच वेळी. हॅम्बर्ग समजायला आपल्याला भाषांतर लागत नाही.

मग बहिष्कार टाकायचा का? कृष्णवर्णीयांनी दोन्ही केलं. न्यूयॉर्क राज्यात ४ जुलै १८२७ ला गुलामगिरी संपली, तेव्हा तिथल्या कृष्णवर्णीयांनी आपली मिरवणूक ५ जुलैला काढली. गोऱ्यांच्या दिवशी गोऱ्यांची झुंड अंगावर येते, हा अनुभव होता. स्वतःचा दिवस निवडला, स्वतःचा बँड, स्वतःचे वक्ते. आणि १८७६ मध्ये आफ्रिकन मेथडिस्ट चर्चने उलटा मार्ग धरला. आपले संस्थापक रिचर्ड ॲलन, जन्माने गुलाम, यांचा पुतळा थेट प्रदर्शनाच्या आवारात बसवायचा ठरवून त्यांनी वर्गणी काढली. अनावरण ४ जुलैलाच व्हायचं होतं. पण आणताना रेल्वेचा अपघात झाला आणि बरंच काम नष्ट झालं. हाती लागला तो फक्त अर्धपुतळा. तोही त्यांनी बसवलाच, नोव्हेंबरच्या सुरुवातीला, प्रदर्शन बंद व्हायला आठवडाभर उरला असताना.