गर्भातली किडनी : आधी दिसली, मग समजली

पाचव्या महिन्याच्या सोनोग्राफीचा रिपोर्ट येतो. हृदय ठीक, मेंदू ठीक, पाठीचा कणा ठीक. पण मध्येच एक ओळ असते : डाव्या मूत्रपिंडाला सूज, अमुक मिलिमीटर. शेजारी 'हायड्रोनेफ्रोसिस' असा लांबलचक शब्द. रिपोर्ट घरी पोहोचेपर्यंत त्या ओळीचे रूपांतर 'बाळाची किडनी खराब आहे' या वाक्यात झालेले असते. मग फोन सुरू होतात. कुणी दुसऱ्या डॉक्टरचे नाव सुचवते, कुणी गर्भ ठेवायचा की नाही असे हळू आवाजात विचारते, आणि कुणीतरी सुनेला विचारते, ग्रहणात भाजी चिरली होतीस का?

साठ वर्षांपूर्वी जगातल्या कोणत्याही आईबापांपुढे हा प्रश्न नव्हता. बाळांच्या मूत्रपिंडांना तेव्हाही सूज येत होती, पण ती जन्माआधी कुणाला दिसत नव्हती. दिसू लागल्यानंतर तिचा अर्थ लावायला वैद्यकशास्त्राला आणखी तीन दशके लागली. त्या दशकांमध्ये काय घडले हे माहीत असेल तर रिपोर्टमधली ती ओळ वेगळ्या नजरेने वाचता येते.

दिसण्याआधीचा काळ

त्या काळी मूत्रपिंडाची सूज कळायची ती मूल आजारी पडल्यावर. पोटात गाठ लागायची, वारंवार ताप यायचा, लघवीत पू किंवा रक्त जायचे, मूल वाढत नसायचे. म्हणजे डॉक्टरांपुढे येणारी बहुतेक मुले त्रास झालेलीच असायची. ज्या मुलांची सूज आपोआप उतरली, ती कधी दवाखान्यात आलीच नाहीत. त्यामुळे वैद्यकीय पुस्तकांत या विकाराचे जे चित्र रंगवले गेले, ते फक्त आजारी मुलांवरून. ही गोष्ट पुढे महत्त्वाची ठरली.

उपचार मात्र हळूहळू तयार होत होते. मूत्रपिंडात लघवी जमा होण्याची एक पोकळी असते, तिला डॉक्टर पेल्विस म्हणतात. तिथून मूत्रवाहिनी निघते आणि मूत्राशयाकडे जाते. हा जोड अरुंद असला की लघवी तुंबते आणि पोकळी फुगते. इंग्लंडमधल्या शेफील्डचे जेम्स अँडरसन आणि विल्फ्रेड हाइन्स यांनी १९४९ मध्ये हा जोड कापून नव्याने शिवण्याची शस्त्रक्रिया प्रसिद्ध केली. पायलोप्लास्टी नावाची ती शस्त्रक्रिया आजही त्या दोघांच्या नावाने ओळखली जाते. गरज पडलीच तर दुरुस्तीचा मार्ग सोनोग्राफीच्या आधीपासून होता, हे आईबापांनी लक्षात ठेवावे.

त्याच सुमारास शिकागोच्या एडिथ पॉटर या पॅथॉलॉजिस्ट बाईंनी दुसरी बाजू उलगडली. दोन्ही मूत्रपिंडे मुळातच नसलेल्या अर्भकांचे वर्णन त्यांनी १९४६ मध्ये केले. अशा बाळांची फुप्फुसेही खुरटलेली असत. गर्भजलाचा मोठा भाग गर्भाच्या लघवीतूनच तयार होतो आणि त्या पाण्यावर फुप्फुसांची वाढ अवलंबून असते, हे पुढे स्पष्ट झाले. म्हणून आजही डॉक्टर सुजेइतकेच, किंबहुना त्याहून जास्त लक्ष गर्भजलाकडे देतात. पाणी पुरेसे असेल तर निदान एक मूत्रपिंड काम करते आहे, हा त्याचा अर्थ. गर्भात रक्त शुद्ध करण्याचे काम वार करते, त्यामुळे एक मूत्रपिंड सुजले म्हणून बाळाच्या अंगात विष साचत नाही.

ग्लासगोचे यंत्र

इयान डोनाल्ड हे ग्लासगो विद्यापीठात प्रसूतिशास्त्राचे प्राध्यापक होते. दुसऱ्या महायुद्धात ते हवाई दलात होते आणि प्रतिध्वनीवरून वस्तू शोधण्याचे तंत्र त्यांना ठाऊक होते. लोखंडातल्या भेगा शोधायला कारखाने ध्वनिलहरी वापरत. १९५५ मध्ये डोनाल्ड शस्त्रक्रियेत काढलेल्या गाठी गाडीत घालून बॉयलर बनवणाऱ्या एका कारखान्यात गेले आणि तिथल्या यंत्रावर त्यांनी त्या तपासल्या. पाण्याने भरलेली गाठ आणि भरीव गाठ यांचा प्रतिध्वनी वेगळा येत होता. अभियंता टॉम ब्राउन आणि डॉक्टर जॉन मॅकव्हिकर यांच्या साथीने त्यांनी माणसांसाठी यंत्र घडवले. जून १९५८ मध्ये 'लॅन्सेट' या नियतकालिकात तिघांचा लेख आला आणि स्त्रीरोगशास्त्रात सोनोग्राफीचे युग सुरू झाले.

या यंत्राचा एक गुण आपल्या विषयाशी थेट जोडलेला आहे. पाण्यातून ध्वनी अडथळ्याशिवाय पुढे जातो, म्हणून पडद्यावर पाणी काळेभोर दिसते. गर्भाच्या शरीरात लघवीने भरलेली पोकळी ही त्यामुळे अगदी सहज दिसणारी गोष्ट आहे. काही मिलिमीटरची पोकळीसुद्धा नजरेतून सुटत नाही. आज मूत्रपिंडाची सूज इतक्या रिपोर्टमध्ये सापडते, त्यामागे बाळे जास्त आजारी असणे हे कारण नसून यंत्राला पाणी चांगले दिसते हे कारण आहे.

ग्लासगोनंतरचे पाऊल सिडनीत पडले. विल्यम गॅरेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७० मध्ये गर्भातल्या मूत्रपिंडाच्या विकाराचे निदान प्रसिद्ध केले. ते मूत्रपिंड गाठींनी भरून मोठे झालेले होते. १९७५ मध्ये त्याच गटाने तुंबलेल्या लघवीमुळे फुगलेली मूत्रपिंडे आणि मूत्रमार्गातला अडथळा गर्भातच ओळखल्याचे मांडले. पुढच्या दहा वर्षांत यंत्रे स्वस्त झाली, चित्रे स्पष्ट झाली, आणि प्रत्येक गर्भवतीची तपासणी हा अनेक देशांत नेहमीचा भाग बनला.

हात लावण्याची घाई

दिसले की हात लावावासा वाटतो. सॅन फ्रान्सिस्कोचे शल्यविशारद मायकेल हॅरिसन यांनी आधी मेंढीच्या गर्भांवर प्रयोग केले. मग १९८१ मध्ये त्यांच्या गटाने एका आईचे गर्भाशय उघडून, दोन्ही मूत्रपिंडे तुंबलेल्या गर्भावर शस्त्रक्रिया केली, लघवीला बाहेर पडायला वाट करून दिली आणि गर्भ पुन्हा आत ठेवला. गर्भारपण पुढे चालू राहिले. पण जन्मल्यावर ते बाळ जगले नाही, कारण त्याची फुप्फुसे वाढलेली नव्हती. गर्भावर शस्त्रक्रिया करण्याच्या शास्त्राचा आरंभ अशा रीतीने याच विकारापासून झाला.

त्यानंतर गर्भाशय न उघडता, आईच्या पोटातून सुई घालून बाळाच्या मूत्राशयात बारीक नळी बसवण्याचा मार्ग निघाला. तो कितपत उपयोगी आहे हे तपासणारी एक चाचणी ब्रिटनमधल्या संशोधकांनी हाती घेतली. तिचे निष्कर्ष २०१३ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आले. पुरेशा स्त्रिया मिळाल्या नाहीत म्हणून ३१ जणींवरच ती थांबवावी लागली. नळीमुळे बाळ जगण्याची शक्यता वाढत असावी असे दिसले, पण नळी बसवलेल्यांपैकी दोनच मुले दोन वर्षांनंतर मूत्रपिंडांचे काम व्यवस्थित असलेली होती. हे सारे मूत्राशयाच्या तोंडाशीच अडथळा असलेल्या, दोन्ही मूत्रपिंडे धोक्यात आलेल्या थोड्या बाळांबद्दल आहे. एका बाजूच्या सुजेशी त्याचा संबंध नाही. तरीही चिंतेने रात्री मोबाइलवर शोधणाऱ्या आईबापांसमोर नेमक्या याच गोष्टी येतात.

थांबून पाहणारे डॉक्टर

एका बाजूच्या सुजेचा इतिहास निराळा आहे. १९८०च्या दशकात दवाखान्यांत नव्या प्रकारची बाळे येऊ लागली : रिपोर्टमध्ये सूज, पण प्रत्यक्षात हसतीखेळती, दूध पिणारी. शल्यविशारदांच्या डोक्यात जुनी पुस्तके होती, आणि ती आजारी मुलांवरून लिहिलेली. आता रोग लवकर सापडला आहे तर लवकर दुरुस्त करू, असा विचार साहजिक होता. अनेक बाळांवर पहिल्या काही महिन्यांतच शस्त्रक्रिया झाल्या.

मग काहींनी साधा प्रश्न विचारला. हात लावला नाही तर काय होते? लंडनच्या फिलिप रॅन्सली यांच्या गटाने १९९० मध्ये, मूत्रपिंडाचे काम चांगले असलेल्या बाळांना शस्त्रक्रियेविना नजरेखाली ठेवल्याचा अनुभव मांडला. अमेरिकेच्या ओहायो राज्यातले स्टीफन कॉफ आणखी पुढे गेले. एका बाजूची सूज असलेल्या १०४ नवजात बाळांना त्यांनी सूज किती आहे याची पर्वा न करता फक्त तपासणीखाली ठेवले. १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या लेखानुसार त्यातल्या केवळ सात जणांना पुढे शस्त्रक्रिया लागली.

सर्वच शल्यविशारदांनी कॉफ यांचे म्हणणे जसेच्या तसे स्वीकारले नाही. काही मूत्रपिंडांचे काम वाट पाहताना कमी होते आणि तेव्हा उशीर परवडत नाही. पण एक गोष्ट ठरून गेली. फुगलेले मूत्रपिंड म्हणजे बंद पडलेले मूत्रपिंड नव्हे. सूज हे चित्रातले माप आहे. मूत्रपिंड काम किती करते हे जन्मानंतर वेगळ्या तपासणीने पाहावे लागते. वाट पाहणे म्हणजे विसरून जाणे नव्हे, ठरलेल्या तारखांना तपासत राहणे, हेही याच काळात रुजले.

मिलिमीटरची भाषा

घबराट कमी करायला सर्वांची मोजण्याची भाषा एक असायला हवी होती. १९९३ मध्ये सुजेच्या शून्य ते चार अशा श्रेणी ठरल्या. २०१४ मध्ये आठ वैद्यकीय संघटनांनी एकत्र बसून नवी पद्धत आखली. तिच्यानुसार १६ ते २७ आठवड्यांत पेल्विसचे माप ४ मिलिमीटरपेक्षा कमी असेल तर ते नेहमीचे. २८ आठवड्यांनंतर ही मर्यादा ७ मिलिमीटर. त्याच्या थोडे वर असेल तर धोका कमी. १६ ते २७ आठवड्यांत ७ किंवा २८ आठवड्यांनंतर १० मिलिमीटरच्या पुढे गेले, मूत्रपिंडाचा गर पातळ झाला, मूत्रवाहिनी फुगली, मूत्राशय नीट दिसत नाही किंवा पाणी कमी आहे, असे असेल तर अधिक बारकाईने लक्ष.

दर शंभर गर्भारपणांत साधारण एक ते पाच वेळा अशी सूज दिसते आणि त्यातली बरीचशी जन्माआधी किंवा नंतर आपोआप उतरते. जन्मानंतर पहिल्या दोन दिवसांत बाळाला लघवी कमी होते, त्यामुळे तेव्हाची सोनोग्राफी फसवी ठरू शकते. म्हणून साध्या सुजेत ती थोडी थांबून करतात. दोन्ही बाजूंची मोठी सूज किंवा कमी पाणी असेल तर मात्र थांबत नाहीत.

आपल्याकडचा प्रश्न

आपल्याकडे याच यंत्राचा दुसरा इतिहास आहे. मुलगी आहे हे कळताच गर्भ पाडण्यासाठी ते वापरले गेले. महाराष्ट्राने १९८८ मध्ये देशातला पहिला प्रतिबंधक कायदा केला. केंद्राचा कायदा १९९४ चा, तो १९९६ पासून लागू झाला. गर्भातले दोष शोधायला त्यात परवानगी आहे, लिंग सांगायला बंदी. मूत्रपिंडाच्या बाबतीत इथे एक पेच उभा राहतो. मूत्रमार्गातल्या पातळ पडद्यामुळे होणारा अडथळा फक्त मुलग्यांत असतो, म्हणजे त्या विकाराचे नाव घेतले की लिंग उघड होते. डॉक्टर एखादी गोष्ट मोघम बोलत असतील तर दरवेळी ते काही लपवतात असे समजू नये.

२०२१ च्या दुरुस्तीनंतर, गर्भात गंभीर दोष असल्याचे वैद्यकीय मंडळाने ठरवले तर २४ आठवड्यांनंतरही गर्भपाताला परवानगी मिळू शकते. ज्यांच्यावर तशी वेळ येते त्यांच्यासाठी ही तरतूद मोठी आहे. पण एका बाजूची सूज, दुसरे मूत्रपिंड चांगले, पाणी पुरेसे आणि बाकी बाळ ठीक, एवढ्यावर असा निर्णय घेण्याचे कारण वैद्यकशास्त्रात नाही. भीतीच्या पहिल्या आठवड्यात घरातली मोठी माणसे जे बोलतात, ते म्हणूनच जपून बोलायला हवे.

राहिला ग्रहणाचा प्रश्न. हा जोड अरुंद होतो तो गर्भाच्या घडणीत. विळी, ग्रहण, पपई यांचा त्याच्याशी संबंध नाही, आणि आईने पाणी कमी प्यायल्यानेही तो होत नाही. गर्भातले मूत्रपिंड दिसू लागून अर्धे शतक झाले, तरी ही गोष्ट आपल्या अनेक घरांत पोहोचलेली नाही.

म्हणून अशी ओळ रिपोर्टमध्ये आली तर डॉक्टरांना पाच गोष्टी विचाराव्यात. सूज एका बाजूला आहे की दोन्ही? माप किती, आणि कितव्या आठवड्यात? गर्भजल पुरेसे आहे का? मूत्राशय भरते आणि रिकामे होते का? पुढची सोनोग्राफी कधी? उत्तरे कागदावर लिहून घ्यावीत, तो कागद फाइलला लावावा आणि पुढच्या तपासणीची तारीख चुकवू नये. मधल्या दिवसांत त्या बाईला जेवू द्यावे, झोपू द्यावे, आणि तिच्या हातून काय चुकले हे शोधत बसू नये.