कारिंदेर्या

कारिंदेर्या ही फिलिपिन्समधील साध्या, स्वस्त आणि बहुधा घरगुती स्वरूपाच्या खाणावळीची संज्ञा आहे. सकाळी रांधून ठेवलेले पदार्थ पातेल्यांत किंवा काचेच्या कपाटात मांडलेले असतात. गिऱ्हाईक ते पाहून निवडते आणि भाताबरोबर तेथेच बसून खाते किंवा बांधून नेते. जीपनी व तीनचाकी वाहनांचे चालक, बांधकाम मजूर, दुकानांतील नोकर, विद्यार्थी आणि कार्यालयांतील कनिष्ठ कर्मचारी हा तिचा मुख्य ग्राहकवर्ग होय. मराठी वाचकास खाणावळ हा शब्द जवळचा वाटेल. मात्र ठरलेले ताट किंवा महिन्याचा हिशेब असा येथे प्रघात नाही. भाताच्या प्रत्येक वाटीचे आणि प्रत्येक कालवणाचे पैसे वेगळे मोजले जातात.

नाव

कारिंदेर्या या शब्दाच्या मुळाशी ‘कारी’, म्हणजे मसालेदार रस्सा, हा शब्द असून त्यास स्पॅनिश धर्तीचा प्रत्यय लागला आहे, असे सामान्यतः सांगितले जाते. ही ‘कारी’ तेथे कशी पोहोचली, याविषयी एक उपपत्ती विशेष प्रचलित आहे. १७६२ मध्ये ब्रिटिशांनी स्पॅनिशांकडून मनिला जिंकून घेतले. त्यांच्या फौजेत मद्रासेकडील शिपाई होते. १७६४ मध्ये ब्रिटिश परतले, तरी काही शिपाई मनिलाच्या पूर्वेकडील काइंता परिसरात स्थायिक झाले. शेंगदाण्याच्या दाट रश्शातील ‘कारे-कारे’ या पदार्थाचा उगमही काही जण त्यांच्याशी जोडतात. काइंतातील शिपायांची वस्ती हा इतिहास आहे. पदार्थाच्या उगमाविषयी मात्र अन्य मतेही आहेत.

अशा खाणावळीचे दुसरे नाव ‘तुरो-तुरो’ असे आहे. तागालोग भाषेतील ‘तुरो’ या धातूचे बोट दाखवणे आणि शिकवणे असे दोन्ही अर्थ होतात. (त्या भाषेत शिक्षकास ‘गुरो’ म्हणतात, तो शब्द मात्र संस्कृत ‘गुरु’चे रूप आहे.) गिऱ्हाईक पदार्थाकडे बोट दाखवते, यावरून हे नाव पडले.

पदार्थ

जेवणाचे दोन भाग मानले जातात: ‘कानिन’ म्हणजे भात आणि ‘उलाम’ म्हणजे भाताबरोबरचे कालवण. भात वाटीने मापून बशीत उपडा करतात. उलाम लहान बशीत येते. व्हिनेगर, सोया सॉस, लसूण, मिरी आणि तमालपत्र घालून शिजवलेले कोंबडीचे किंवा डुकराचे ‘आदोबो’ बहुतेक ठिकाणी आढळते. व्हिनेगरमुळे ते उष्ण हवेतही टिकते, आणि दुसऱ्या दिवशी अधिक मुरते. शीतकपाट नसलेल्या स्वयंपाकघरास हा गुण फार मोलाचा. चिंचेच्या आंबटपणाचे ‘सिनिगांग’, आले, कच्ची पपई व शेवग्याचा पाला घातलेला कोंबडीचा ‘तिनोला’, डुकराच्या रक्तात शिजवलेले ‘दिनुगुआन’, नारळाच्या दुधातील अळूच्या पानांचे ‘लाइंग’, आणि कारली, वांगी, भेंडी व भोपळा यांचे ‘पिनाकबेत’ हे इतर नेहमीचे पदार्थ. शुक्रवारी ‘मुंगो’, म्हणजे मुगाचे कालवण, करण्याची चाल आहे. कॅथलिक परंपरेत शुक्रवारी मांस वर्ज्य असे, त्याची ही खूण. प्रत्यक्षात आज मुंगोतही डुकराच्या मांसाचे तुकडे सापडतात. तोंडी लावण्यास कच्च्या पपईचे ‘आत्सारा’ असते. भारतीय ‘अचार’ शब्दाशी त्याचे नाते उघड आहे.

टेबलावर व्हिनेगर, माशापासून केलेले खारट ‘पातिस’, सोया सॉस, कालामान्सी नावाचे छोटे लिंबू आणि मिरच्या ठेवलेल्या असतात. त्यांच्या मिश्रणास ‘सावसावान’ म्हणतात. ‘तिकिम’ (१९९४) या ग्रंथाच्या लेखिका आणि फिलिपिनो खाद्यसंस्कृतीच्या अभ्यासक दोरीन फर्नांदेझ यांनी दाखवून दिले, की सावसावानमुळे जेवणारा स्वतःच पाकक्रियेत सहभागी होतो.

जेवण्याची रीत

गिऱ्हाईक पातेल्यांची झाकणे उचलून आत डोकावते. त्यात कोणास गैर वाटत नाही. मालकीणबाईंस ‘आते’ (थोरली बहीण) आणि वाढणाऱ्या पुरुषास ‘कुया’ (थोरला भाऊ) असे संबोधतात. उजव्या हातात चमचा व डाव्या हातात काटा घेऊन जेवतात. सुरी नसते, तिचे काम चमच्याची कड करते. मांसाचा किंवा हाडांचा पातळ रस्सा (‘साबाव’) पुष्कळदा फुकट मिळतो. पाण्याची टंचाई असेल तेथे ताटलीवर पातळ प्लास्टिकची पिशवी चढवून वाढतात, म्हणजे ताटल्या धुवाव्या लागत नाहीत. स्वच्छतेसंबंधी १९७५ च्या राष्ट्रपती-आदेशाने (क्रमांक ८५६) आरोग्य परवाना आणि कामगारांचे आरोग्य प्रमाणपत्र बंधनकारक केले आहे.

अर्थव्यवहार

कारिंदेर्याचा आधार ‘तिंगी’ म्हणजे अगदी थोड्या प्रमाणातील विक्री हा आहे. पैसे कमी असतील तर ‘कालाहाती’, अर्धी बशी उलाम, मागता येते. भात मात्र दोन वाट्या. एवढ्याशा उलामावर एवढा भात जेवता यावा म्हणूनच कालवणे खारट व आंबट असतात, हे ध्यानात घेतले पाहिजे. ओळखीच्या गिऱ्हाइकास (‘सुकी’) उधारी मिळते आणि ती वहीत टिपली जाते.

भातावर एवढी भिस्त असल्याने तांदळाचा भाव हा येथे जिव्हाळ्याचा विषय आहे. जून २०१७ मध्ये सिनेटर सिंथिया विलार यांनी मधुमेहाचा धोका पुढे करून अमर्याद भात देण्याच्या प्रथेवर टीका केली, तेव्हा देशभर एवढा गदारोळ उठला की कायदा करण्याचा आपला विचार नसल्याचे त्यांना सांगावे लागले. सप्टेंबर २०२३ मध्ये सरकारने साध्या तांदळास किलोमागे ४१ पेसो आणि अधिक सडलेल्या तांदळास ४५ पेसो अशी कमाल मर्यादा घातली. ती महिनाभर टिकली. भाव चढले तरी मालकीणबाईंना बशीची किंमत सहज वाढवता येत नाही, कारण गिऱ्हाईक शेजारचेच असते. मग मांसाचे तुकडे लहान होतात आणि बटाटे वाढतात.

पहाटेच्या बाजारहाटासाठी लागणारे भांडवल पुष्कळदा ‘फाइव्ह-सिक्स’ कर्जातून उभे राहते. पाच घ्यायचे आणि सहा फेडायचे, असा त्याचा साधा हिशेब. म्हणजे व्याज वीस टक्के. वसुली बहुधा रोजच्या रोज, मोटारसायकलवरून होते. हे सावकार प्रामुख्याने पंजाबी असतात, तरी त्यांना ‘बुंबाय’ म्हणतात. मुंबईच्या जुन्या नावावरून पडलेला हा शब्द तेथे सर्वच भारतीयांस लावला जातो, आणि तो नेहमीच आदराने उच्चारला जातो असे नाही. राष्ट्राध्यक्ष रोद्रिगो दुतेर्ते यांच्या सरकारने २०१७ मध्ये या सावकारीविरुद्ध पवित्रा घेतला व लहान विक्रेत्यांसाठी दरमहा कमाल अडीच टक्के व्याजाची कर्जयोजना सुरू केली. तारण व कागदपत्रांवाचून दारात येणारे कर्ज मात्र त्यामुळे नाहीसे झाले नाही.

इतर प्रकार

न्याहारीच्या ‘तापसिहान’मध्ये मुरवलेले गोमांस, लसणीचा परतलेला भात आणि अंडे यांचे ‘तापसिलोग’ मिळते. मकाती या व्यापारी भागातील पदपथांवरच्या पत्र्याच्या टपऱ्यांना, जॉलिबी या प्रसिद्ध उपाहारगृह-साखळीच्या नावावरून, ‘जॉलिजीप’ म्हणतात. दुबई, कॅलिफोर्नियातील डेली सिटी अशा ठिकाणी स्थलांतरितांनी तुरो-तुरोची पद्धत नेली आहे.

शाकाहारी व्यक्तींसाठी

दावाओ शहरात भारतातून गेलेले वैद्यकीय विद्यार्थी मोठ्या संख्येने राहतात. त्यांतील शाकाहाऱ्यांस कारिंदेर्यात अडचण येते, कारण ‘गुलाय’ म्हणजे भाजी या नावाखाली वाढलेल्या पदार्थातही कोळंबीचे ‘बागूंग’ किंवा सुकी मासळी असू शकते. ‘वालांग कार्ने’ (मांस नको) एवढे सांगणे पुरत नाही; मासे आणि बागूंग यांविषयी वेगळे विचारावे लागते.