यंत्रे विकणारी माणसे

यंत्र कोणी शोधून काढले हे इतिहासात नमूद असते. ते गिऱ्हाइकाच्या गळी कोणी उतरविले, हे बहुधा नसते. बाष्पयंत्र म्हटले की वॅटचे नाव शाळकरी पोरही सांगेल. परंतु कारखान्याच्या दारातून निघालेले यंत्र आपल्या घरी येते ते मधल्या एका माणसाच्या हातून. त्यास कोणी एजंट म्हणतात, कोणी वितरक. या मधल्या माणसाचे काम कसे पालटत गेले, हे आज आपणांस पाहावयाचे आहे.

धान्याच्या अडत्याला ज्वारीची भाकरी कशी करावी हे गिऱ्हाइकास शिकवावे लागत नाही. माल वखारीत ठेवावा, भाव साधावा, उधारी वसूल करावी, की त्याचे काम झाले. यंत्राला हा हिशेब पुरत नाही, हे अमेरिकेतील शिवणयंत्राच्या धंद्यात स्पष्ट दिसून आले. आयझॅक सिंगरने १८५१ साली आपल्या यंत्राचे पेटंट घेतले. भांडवलाची चणचण, म्हणून त्याच्या पेढीने निरनिराळ्या प्रांतांतील विक्रीचे हक्कच विकून टाकले. पैसा हाती आला. पण गिऱ्हाईक परक्याच्या हाती गेले. सुई मोडली, दोरा गुंतला, की दोष यंत्राला! सिंगरचा भागीदार एडवर्ड क्लार्क हा पेशाने वकील; त्याने ते हक्क हळूहळू परत घेतले आणि पेढीच्या स्वतःच्या शाखा उघडल्या. तेथे यंत्र चालवून दाखविणारी बाई असे, दुरुस्तीचा कारागीर असे, आणि १८५६ पासून हप्त्याने यंत्र मिळण्याची सोयही झाली. १८५५ साली ८८३ यंत्रे खपली होती. पुढच्याच वर्षी २,५६४ खपली.

आता आपल्याकडे वळू. लक्ष्मणराव किर्लोस्कर हे कारखानदार होण्यापूर्वी दुकानदार होते, हे आपण विसरतो. १८८८ साली बेळगावात किर्लोस्कर बंधूंचे दुकान निघाले ते सायकलींचे. लक्ष्मणराव मुंबईस व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवीत आणि तिकडून सायकली पाठवीत. वडील बंधू रामुअण्णा त्या विकीत, आणि वर बसावयासही शिकवीत. म्हणजे मालाबरोबर विद्याही विकावी लागते, हा धडा या घराण्याने सायकलीवरच गिरविला होता.

१९०३ साली त्यांनी लोखंडी नांगर केला. पहिला नांगर खपावयास दोन वर्षे लागली असे सांगतात. लोखंडाने जमीन विषारी होईल, ही शेतकऱ्याची भीती. या भीतीला आपण शहरी माणसे फार लवकर हसतो. लाकडी नांगर मोडला तर गावचा सुतार होता, फाळ बोथटला तर लोहार होता. दोघांनाही खळ्यावर बलुते मिळे, रोकड मोजावी लागत नसे. लोखंडी नांगराचा फाळ झिजला तर तो कोठून आणावयाचा? रेल्वेने आठ दिवसांनी येईल, तोवर नांगरटीची घात निघून जाईल. तेव्हा नव्या नांगराची खरी स्पर्धा जुन्या नांगराशी नव्हती, ती सुतार-लोहाराशी होती. तालुक्याच्या गावी फाळ आणि नटबोल्ट बाळगणारा, वेळप्रसंगी शेतावर जाऊन नांगर जोडून देणारा माणूस उभा राहिल्यावाचून तो खपणे कठीणच होते.

१९१० साली कारखाना औंध संस्थानात कुंडल स्टेशनाजवळच्या माळावर गेला. पुढे १९२० साली शंकरराव किर्लोस्करांनी गिऱ्हाइके आणि एजंट यांच्यासाठी 'किर्लोस्कर खबर' हे पत्रक सुरू केले. त्याचेच पुढे 'किर्लोस्कर' मासिक झाले. ज्या मासिकाने मराठी वाचकांच्या दोन-तीन पिढ्यांना वळण लावले, ते मुळात नांगर विकण्याच्या खटपटीतून जन्मले, याची आमच्या वाङ्मयेतिहासकारांना थोडी लाजच वाटते की काय, न कळे.

अलीकडचे उदाहरण संगणकाचे. आय.बी.एम. कंपनी आपले अजस्र संगणक पगारी विक्रेत्यांकरवी विकीत असे. १९८१ साली तिने टेबलावर मावणारा संगणक काढला, आणि एवढ्या गिऱ्हाइकांपर्यंत आपली माणसे पोहोचणार नाहीत हे ओळखून तो कॉम्प्युटरलँड आणि सीअर्स यांच्या दुकानांतून विकावयास ठेवला. तीनच वर्षांनी मायकेल डेल या तरुणाने उलट वाट धरली. मधला माणूस गाळून तो थेट गिऱ्हाइकाला माल देऊ लागला. माल स्वस्त पडला आणि कंपनी अफाट वाढली. तरीही २००७ साली डेलचेच संगणक वॉलमार्टच्या फडताळांवर मांडलेले दिसले! इन्ग्रॅम मायक्रोसारखे घाऊक वितरकही नाहीसे झाले नाहीत. गल्लीतल्या लहान दुकानदाराला माल उधार कोण देणार, आणि वखारीत पडून राहिलेल्या मालाची जोखीम कोण घेणार? ते काम त्यांच्याकडेच राहिले.

मी स्वतः मागे एक छपाईचे यंत्र घरबसल्या मागविले. गावातल्या दुकानापेक्षा आठशे रुपयांनी स्वस्त पडले म्हणून मोठ्या ऐटीत होतो. चौथ्या महिन्यात ते कागद ओढीनासे झाले, तेव्हा तेच काखेत मारून त्याच दुकानाची पायरी चढलो. दुकानदाराने झाकण उघडले, आत फुंकर घातली, आणि मान वर न करता विचारले, "काका, हे आपल्याकडचं नाही ना?"