मोठ्या महादेवाचं गाव

भोपाळच्या करोंद भागातून पचमढीला निघालं, की रस्ता शहर ओलांडून नर्मदेकडे उतरतो. पुढे सोहागपूर, पिपरिया आणि मग सातपुड्याचा घाट. प्रवास सुमारे दोनशे किलोमीटरचा. भोपाळकर तिथे जातात थंड हवेसाठी. विदर्भातला भाविक मात्र नवसाचा त्रिशूळ खांद्यावर घेऊन जातो. त्याच्या तोंडी पचमढी हे नावही क्वचितच येतं. तो म्हणतो, ‘मोठ्या महादेवाला चाललो.’

गावाचा इतिहास सांगताना सुरुवात बहुतेक वेळा कॅप्टन जेम्स फोर्सिथपासून होते. १८६१ मध्ये मध्य प्रांत स्थापन झाला आणि पुढच्याच वर्षी तो जंगलांच्या पाहणीसाठी या पठारावर आला. त्याने बांधलेल्या बायसन लॉजमध्ये आता संग्रहालय आहे. पचमढी त्याने ‘शोधली’, असं सर्रास सांगतात. हे मान्य करता येणार नाही. १८७१ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या पुस्तकात फोर्सिथनेच इथल्या गोंड-कोरकूंविषयी आणि महादेवाच्या जत्रेविषयी लिहिलं आहे. जिथे जत्रा भरते, ती जागा हरवलेली कशी असेल?

मराठ्यांनाही पचमढीभोवतीचे हे महादेवाचे डोंगर चांगले ठाऊक होते. नोव्हेंबर १८१७ मध्ये सीताबर्डीची लढाई नागपूरकर भोसल्यांच्या हातून गेली. पुढे इंग्रजांनी त्यांचे राजे अप्पासाहेब यांना कैद करून अलाहाबादकडे रवाना केलं. मे १८१८ मध्ये वाटेतच ते पहाऱ्यातून निसटले आणि थेट महादेवाच्या डोंगरांत शिरले. गोंड सरदारांनी त्यांना थारा दिला. जवळ गादी नाही, खजिना नाही, तरी महिनोन्‌महिने इंग्रजांच्या हाती हा पाहुणा लागला नाही. १८१९ च्या आरंभी ते असीरगडाकडे गेले, तिथून पंजाबात, आणि अखेर १८४० मध्ये जोधपुरात वारले.

अप्पासाहेब इथे लपले, त्यानंतर चाळीस वर्षांनी याच डोंगरांत हर्राकोटचे कोरकू जहागीरदार भभूतसिंह इंग्रजांविरुद्ध उठले. तात्या टोपे १८५८ मध्ये नर्मदा उतरून आले, तेव्हा भभूतसिंह त्यांच्या बाजूने उभे राहिले. फोर्सिथ आला, तो हे बंड मोडल्यावर.

म्हणून पचमढीला गेलात, तर बायसन लॉज पाहून परतू नका. चौरागड या डोंगराच्या हजारावर पायऱ्याही चढा. माथ्यावरच्या महादेवाच्या मंदिराभोवती त्रिशुळांच्या राशी आहेत, आणि दर महाशिवरात्रीला त्यांत विदर्भातून आलेल्या नव्या त्रिशुळांची भर पडते.