कोण कुठून आलं

दिंडीला १०० वर्षं झाली म्हणून हे पुस्तक निघतंय. कमिटीनं आम्हाला सांगितलं, "महाराज, दिंडीच्या मूळ घराण्यांचा इतिहास तुम्ही लिहा." आम्ही चौथी शिकलेले शेतकरी. कीर्तनात बोलणं वेगळं आणि कागदावर लिहिणं वेगळं. पण सेवा म्हणून हो म्हटलं.

'मूळ' या शब्दावरनंच बैठकीत वाद निघाला. सोलापुरातलं एक पद्मशाली विणकर घर आपल्या दिंडीत चार पिढ्या चालतंय. त्यांचं नाव मूळ घराण्यांत घालायचं का नाही? काही जण म्हणाले, ते तेलंगणातनं आलेले, बाहेरचे. त्या घरातली थोरली आई ऐंशीच्या पुढची. ती एवढंच म्हणाली, "बाहेरचे तर बाहेरचे. पण कुठल्या गावचे, ते तरी कुणी सांगा महाराज. डोळे मिटायच्या आत गावाचं नाव कळू द्या."

मग आम्ही शोधाला लागलो.

सोलापुरात ही माणसं कशी आली ते आधी बघा. १८६० साली इथं रेल्वे आली. १८७६ ते ७८ लई मोठा दुष्काळ पडला. त्याच काळात, १८७७ साली, जुनी गिरणी सुरू झाली. तिकडं निजामाच्या मुलखात हातमागाला दिवस वाईट, इकडं सूत आणि काम. म्हणून करीमनगर, वरंगळ, नलगोंडा भागातली विणकर कुटुंबं येत राहिली. चादरीचं सोलापूर त्यांच्या हातांनी उभं राहिलं. नारळी पौर्णिमेला मार्कंडेयाचा रथ निघतो तो त्यांचाच.

आईच्या सासऱ्यांनी लहानपणी सोलापुरात दोन वर्षं शाळा केली होती. शाळेचं जनरल रजिस्टर म्हणजे मोठा ठेवा. त्यात मुलाचं नाव, बापाचं नाव, जात, जन्मतारीख आणि जन्मगाव असतं. पण आडनावानं शोधलं तर नाव सापडेना. शेवटी त्यांच्याच नातवानं गाठ सोडवली. तेलुगू लोकांत घराण्याचं नाव आधी लिहितात, माणसाचं नंतर. लिहिणाऱ्या गुरुजींनी आपल्या रीतीनं पहिल्या शब्दाला नाव धरलं आणि शेवटच्याला आडनाव. उलटं वाचून बघितलं तवा नोंद निघाली. जन्मगाव लिहिलेलं होतं, जिल्हा करीमनगर. घरच्यांच्या इच्छेनं गावाचं नाव इथं छापत नाही. नातवानं आईला ते तीनदा वाचून दाखवलं. चौथ्यांदा तिनं स्वतःच म्हटलं.

त्यांचं शोधलं, मग म्हटलं आपलंही बघू. आम्ही तर स्वतःला या मातीतलेच समजत होतो. तलाठ्याकडं फेरफार बघितले. आमच्या आज्याचं नाव जमिनीला लागलंय ते कूळ म्हणून. कूळकायद्यानं ती जमीन आमची झाली. त्याच्या आधी या गावात आमच्या नावावर ढेकूळही नव्हतं. वडील सांगायचे, आपण तुळजापूरकडनं आलो. तुळजापूर १९४८ पर्यंत निजामाकडं, दप्तर उर्दूत. एका निवृत्त उर्दू शिक्षकांनी चहाच्या कपावर ते कागद वाचून दिले. पणजोबाचं नाव तिथं मिळालं. असं करत दिंडीतली सगळी घरं तपासली, तर गावात आधीपासनं असलेली दोनच निघाली. बाकी कुणी दुष्काळात आलं, कुणी सालगडी म्हणून, कुणी घरजावई म्हणून.

माउली, आपल्या संतांचं तरी काय? ज्ञानोबारायांचं घराणं आपेगावचं, समाधी आळंदीला. चोखोबाराय गेले मंगळवेढ्याला, गावकुसाचं काम चालू असताना कोसळलं त्यात. नामदेवराय अस्थी न्यायला आले, तवा ढिगाऱ्यात कुणाची हाडं कुणाची कसं ओळखणार? ज्या हाडांतनं विठ्ठलनाम ऐकू आलं ती चोखोबांची, असं आपण सांगतो. आणि माउलींनी तर देवालाच कानडा म्हटलंय.

तुम्हाला आपलं घराणं शोधायचं असेल तर आधी घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा आणि लिहून ठेवा. ती माणसं म्हणजे पहिलं दप्तर, आणि ते लवकर बंद होतं. मग शाळेचं रजिस्टर बघा. मग तहसीलला कोतवाल बुक, म्हणजे गाव नमुना १४, त्यात जन्ममृत्यू असतात. मग फेरफार. जुनं लिखाण मोडीत असतं, वाचणारा गाठा. पंढरपूरला, त्र्यंबकेश्वरला तीर्थोपाध्यांच्या वह्यांत वाडवडिलांची नावं मिळतात. आणि नंदीवर बसून हेळवी दारात आला तर नुसतं पसाभर धान्य घालून वाटेला लावू नका. बसवा, वंशावळ वाचून घ्या, उतरून घ्या.

या पुस्तकात घराण्यांची यादी आहे. तिच्यावर 'मूळ' हा शब्द नाही. बैठकीनं एकमतानं काढला. ज्या घरांनी दिंडीत पाऊल टाकलं ती सगळी आहेत, आणि हरकत नाही म्हणाले त्यांच्या नावापुढं कुठून आले तेही आहे. विणकरांचं घर यादीत आहे, आमचंही आहे. वाचा, आणि आपल्या घराची नोंद तपासून चूक असेल तर कळवा.