मुष्टियुद्धातील निकालनिश्चिती

मुष्टियुद्धातील निकालनिश्चिती : लढतीचा निकाल लाच, धाकदपटशा किंवा भावी लाभाचे आश्वासन यांच्या बळावर आधीच ठरविण्याचा गैरप्रकार. तो प्राचीन काळापासून ज्ञात आहे. इ. स. पू. ३८८ मधील ऑलिंपिक सामन्यांत थेसलीच्या युपोलस या मुष्टियोद्ध्याने तीन प्रतिस्पर्ध्यांना लाच दिल्याचे पॉसेनिअस या ग्रीक प्रवासवर्णनकाराने नमूद केले आहे. लाच देणारा व घेणारे या सर्वांना दंड झाला आणि त्या रकमेतून ऑलिंपिया येथे झ्यूसचे सहा ब्राँझ पुतळे उभारण्यात आले.

आधुनिक धंदेवाईक मुष्टियुद्धात पैजांवरील लाभ हे निकालनिश्चितीचे एक कारण असले, तरी तिचे मूळ या खेळाच्या रचनेत आढळते. येथे संघांच्या साखळी स्पर्धेसारखा ठराविक कार्यक्रम नसतो. कोणी कोणाशी लढावे, हे आयोजक व व्यवस्थापक परस्पर ठरवितात. त्यामुळे अजिंक्यपदाच्या लढतीची संधी ज्यांच्या हाती, त्यांची सत्ता मुष्टियोद्ध्यांवर चालते.

जेक लामोटा (१९२२–२०१७) याचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. मिडलवेट गटात अग्रगण्य असूनही त्याला अनेक वर्षे अजिंक्यपदासाठी लढू दिले गेले नाही. १४ नोव्हेंबर १९४७ रोजी न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये बिली फॉक्सविरुद्धची त्याची लढत चौथ्या फेरीत थांबवून फॉक्सला विजयी घोषित करण्यात आले. लढतीपूर्वीच पैजांचा ओघ फॉक्सकडे वळल्याने संशय बळावला होता. चौकशीत लामोटाने दुखापतीचे कारण पुढे केले. दुखापत लपविल्याबद्दल त्याला १,००० डॉलर दंड व सात महिन्यांची बंदी झाली. निकालनिश्चिती मात्र सिद्ध झाली नाही. १९६० मध्ये सिनेटर एस्टिस कीफॉव्हर यांच्या उपसमितीपुढे त्याने ही लढत आपण जाणूनबुजून गमावल्याचे कबूल केले. एक लाख डॉलर आपण नाकारले व अजिंक्यपदाच्या संधीचे आश्वासन स्वीकारले, असे त्याने सांगितले. ती संधी त्याला १६ जून १९४९ रोजी डिट्रॉइट येथे मिळाली आणि मार्सेल सेर्दांचा पराभव करून तो विजेता ठरला.

फॉक्सचा व्यवस्थापक ‘ब्लिंकी’ पालर्मो हा गुन्हेगारी जगतातील फ्रँकी कार्बो याचा साथीदार होता. कार्बोचे वजन इंटरनॅशनल बॉक्सिंग क्लब या प्रबळ आयोजक संस्थेतही होते. मक्तेदारीविरोधी कायद्याखाली ही संस्था विसर्जित करण्याचा आदेश अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९५९ मध्ये कायम केला. वेल्टरवेट विजेता डॉन जॉर्डन याच्या उत्पन्नातील वाटा धमक्यांनी बळकावण्याच्या कटाबद्दल १९६१ मध्ये कार्बोला २५, तर पालर्मोला १५ वर्षांची शिक्षा झाली.

ठोसा खरोखर लागला की लागल्याचे सोंग केले, हे पाहून ठरविता येत नाही. म्हणून पुरावा बहुधा कबुलीजबाबातूनच मिळतो. महंमद अलीने १९६५ मध्ये लूइस्टन येथे सनी लिस्टनला पहिल्याच फेरीत पाडले, त्या लढतीबद्दलचा संशय असाच सिद्ध झालेला नाही. शिवाय प्रत्येक गैरप्रकारात कोणी मुद्दाम हरावे लागतेच असे नाही. १९७७ मध्ये डॉन किंगने आयोजित केलेली अमेरिकी अजिंक्यपद स्पर्धा खेळाडूंच्या नावावर दाखविलेले खोटे विजय व बनावट क्रमवारी उघडकीस आल्याने स्थगित झाली. अमेरिकेत २००० मध्ये संमत झालेल्या महंमद अली मुष्टियुद्ध सुधारणा कायद्याने आयोजक व व्यवस्थापक यांचे आर्थिक हितसंबंध परस्परांपासून वेगळे केले आणि लढतीच्या मोबदल्यात खेळाडूकडून पुढील लढतींचे हक्क लिहून घेण्यावर मर्यादा घातली. लामोटाने ज्या संधीसाठी पराभव पत्करला, तिच्याच सौद्याला या तरतुदींनी आळा घालण्याचा प्रयत्न केला.